हरिभाऊंची सही

हरिभाऊ इमारतीत आले की आधी जिन्याजवळच्या खांबावर थाप मारायचे. बाजारात बैल घेताना त्याच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी, जोरात आणि मायेनं. मग जवळ जो कुणी असेल त्याला विचारायचे, "हालतोय का बगा." खांब कधी हलला नाही. हरिभाऊही कधी हलले नाहीत, आणि आमची सगळी पंचाईत तिथंच होती.

त्यांचं पूर्ण नाव हरिश्चंद्र. पुराणातल्या हरिश्चंद्रानं स्वप्नात दिलेला शब्द जागेपणी पाळला. आमच्या हरिश्चंद्रानं जागेपणी दिलेले शब्द पाळले गेल्याचं आम्हाला फक्त स्वप्नात दिसायचं.

धाराशिवात बायपासच्या अलीकडं त्यांनी तीन मजली इमारत बांधली आणि तिला आईचं नाव दिलं, 'गिरजाई हाइट्स'. आईचं नाव गिरजाबाई होतं, आणि 'हाइट्स' हे त्यांनी पुण्यात बघितलं होतं. तीन मजल्यांना हाइट्स म्हणायला छाती लागते. ती भाऊंना होती. गाव त्यांचं येरमाळ्याकडचं. वडील मेंढरं राखायचे. भाऊ लहानपणीच रस्त्याच्या कामावर खडी टाकायला गेले, मग मुकादम झाले, मग ठेकेदार. त्यांनी बांधलेले नळकांडी पूल जिल्ह्यात अजून शाबूत आहेत. त्यांच्याखालून पाणी जात नाही, पण त्यात भाऊंचा दोष नाही. आमच्याकडं पाणी कशाखालूनच जात नाही.

ही इमारत म्हणजे त्यांचं पहिलं अपार्टमेंट, आणि आमचा सगळ्यांचा पहिला फ्लॅट. आम्ही म्हणजे कळंब, परंडा, वाशी अशा ठिकाणांहून नोकरीसाठी जिल्ह्याच्या गावी आलेली माणसं. कुणी मास्तर, कुणी एसटीत, कुणी कारकून. सगळी शेतकऱ्यांची पोरं. घर म्हणजे खाली जमीन आणि वर आभाळ एवढंच आम्हाला ठाऊक. इथं खाली कुणाचं तरी स्वयंपाकघर आणि वर कुणाची तरी मोरी. तरी आम्ही हरखलो. नळ होते, पाणी यायचं. इमारतीमागं मोकळी जागा होती, तिथं भाऊंनी बोअर पाडलं होतं, आणि ते बोअर भर उन्हाळ्यातही आटायचं नाही. धाराशिवात एवढ्यावर माणूस बिल्डरच्या पाया पडतो.

भाऊंना बिल्डर म्हटलेलं आवडायचं नाही. "बिल्डर लोक लबाड असत्यात," ते म्हणायचे. "म्या भाऊ हाय तुमचा."

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. राखी पौर्णिमेला भाऊ सकाळीच पांढरीशुभ्र पँट, पांढरा शर्ट घालून यायचे आणि तळमजल्यापासून एकेका दारात पाटावर बसायचे. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत राख्याच राख्या. प्रत्येकीला साडी. साड्या ते सोलापुराहून एकगठ्ठा आणायचे, त्यामुळं सगळ्यांना एकच. एका वर्षी जी पोपटी साडी आली ती डोळ्यांना इतकी लागायची की आमच्यातल्या दोघी ती नेसून गच्चीवर गेल्या तर खालून रिक्षावाले वर बघायला लागले.

भाऊंच्या शर्टाला नेहमी खिसा असायचा आणि त्या खिशात नेहमी कंगवा. पेन कधी नाही. हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मी इथल्या एका शाळेत मराठी शिकवते. सोसायटीची सेक्रेटरी झाले ती बैठकीला उशिरा पोचले म्हणून. दारातून आत पाऊल टाकलं तर टाळ्या वाजत होत्या. मला वाटलं कुणाच्या पोराचा नंबर आला. अध्यक्ष झाल्या शकुंतलाकाकू. त्या सिव्हिल हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. 'दुखत नाही हं' म्हणत सुई खुपसण्यात आयुष्य गेलेलं. काकूंनी पहिल्याच दिवशी मला समोर बसवून विचारलं, "आपली इमारत कुणाच्या जमिनीवर आहे?"

"आपल्या," मी म्हणाले.

"चूक. बस खाली."

मग त्यांनी मला समजावलं. फ्लॅट आपण घेतला, पण खालची जमीन अजून भाऊंच्याच नावावर आहे. सोसायटी नोंदवली गेली की बिल्डरनं ठराविक मुदतीत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावानं करून द्यायची असते. त्या दस्ताला अभिहस्तांतरण म्हणतात. मी मराठीची शिक्षिका, तरी तो शब्द पहिल्यांदा वाचताना मला मध्ये एकदा श्वास घ्यावा लागला. लोक सरळ कन्व्हेयन्स म्हणतात. ते झालं नाही तर आपल्या मालकीचं काय, तर चार भिंती आणि त्यांच्यामधली हवा.

"मग भाऊंना सांगू की," मी म्हणाले. "एक सही तर करायची."

काकू माझ्याकडं बघून नुसत्या हसल्या. तापाच्या पेशंटकडं बघावं तशा.

मी भाऊंना सांगितलं. भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. "आवं ताई, एवढंच व्हय? व्हऊन जाईल की! तुमी म्हणायचा अवकाश." मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, बघ, माणसाशी नीट बोललं की कामं होतात.

त्यानंतर पितृपंधरवडा लागला. त्यात शुभ काम करत नाहीत. मग निवडणूक लागली आणि आचारसंहिता आली. भाऊंचं म्हणणं, आचारसंहितेत खाजगी सहीसुद्धा चालत नाही. मग अधिक महिना. मग भाऊंच्या पुतणीचं लग्न, तिथं आम्ही सगळे जेवून आलो. मग जिल्ह्याचं नाव बदललं. उस्मानाबादचं धाराशिव झालं, आणि भाऊंना तर सोन्याची खाणच सापडली. "आता समदे कागद नव्यानं करावं लागतेत, ताई. जुन्या नावानं सही केली तर उद्या तुमालाच तरास." सगळ्या जिल्ह्याचं नाव बदललं, पण आमच्या पायाखालच्या तुकड्यावरचं नाव काही बदलेना. दरम्यान इमारतीत जी पोरं रांगत आली होती ती मोटारसायकल शिकली.

बरं, भाऊंना लिहिता येत नव्हतं म्हणावं तर फ्लॅट विकताना त्यांनी दस्ताच्या पानापानावर सह्या केल्या होत्या. गोल, वळणदार, खाली दोन टिंबं. काकूंचं निदान असं: "हा एका बाजूचा लकवा आहे. घेताना हात चालतो, देताना उचलत नाही."

एका राखीला मी मसुदा टाईप करून तयार ठेवला. ओवाळून झालं, भाऊंनी साडीची पिशवी पुढं केली. मी म्हणाले, "भाऊ, साडी नको. या वर्षी ओवाळणीत सही द्या." आणि पेन पुढं केलं.

भाऊंनी पेनकडं बघितलं. मग स्वतःच्या हाताकडं. हात राख्यांनी असा भरला होता की पट्टीत बांधल्यासारखा दिसत होता. "ताई," ते फार प्रामाणिकपणे म्हणाले, "मनगट हालंना बगा."

"मग राख्या सोडू."

"आसं कसं! राखी पोळ्यापातुर ठिवावी लागती. बहिणीच्या हातानं बांधलेली राखी बहिणीच्याच हातानं सोडायची? कुठं फेडाल हे पाप?"

पोळ्यानंतर ते महिनाभर फिरकले नाहीत.

एकदा मी चिडून विचारलंच, सहीला एवढं भिता कशाला? भाऊंनी तोंड फिरवलं. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "आमच्या बापानं एकदा अंगठा दिला हुता, ताई. कोऱ्या कागदावर. रान गेलं. तवापासनं सही म्हणलं की हात कापतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मी त्यांना चहा दिला, वर पोहे दिले. पुढं येरमाळ्याच्या एका पाहुण्याला मी हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, "रान? त्यांच्या बापाला रान कवा हुतं? मेंढरं हुती. ती बी मामाची."

तरी भाऊ लबाड होते एवढंच सांगून मला थांबता येत नाही. काकूंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन सोलापूरला झालं. त्यांचा मुलगा परदेशात, पोचायला वेळ लागणार होता. भाऊ स्वतःच्या गाडीतून त्यांना घेऊन गेले. हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिले, आणलेला डबा बाकीच्या पेशंटच्या नातेवाइकांना खाऊ घातला, रक्त लागलं तर शर्टाची बाही वर केली आणि आडवे झाले. ऑपरेशनला नेण्याआधी डॉक्टर संमतीचा कागद घेऊन आले. म्हणाले, नातेवाईक कोण, इथं सही करा.

भाऊ म्हणाले, "डाक्टर, अजून रक्त पायजे तर घ्या. सही तेवढी मागू नगा."

शेवटी मागून पोचलेल्या माझ्या नवऱ्यानं केली. काकू नंतर म्हणायच्या, "माझ्या अंगात त्या माणसाचं रक्त आहे. तेव्हापासून मलाही चेकवर सही करताना जड जातं."

अशा माणसाशी भांडायचं कसं? आणि त्यांच्याकडं एक वाक्य होतं, ते ऐकलं की आमचं सगळ्या बायकांचं बोलणं थांबायचं. "ताई, बहिणीनं भावाकडं जमीन मागायची नसती." आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकीनं माहेरी हक्कसोडपत्र करून दिलेलं होतं. मीही. परंड्याच्या तहसीलबाहेर भावांनी पेढे आणले होते, आई म्हणाली होती, जमिनीचं नाव काढलं की माहेर तुटतं. मी हसत सही केली होती. त्यामुळं भाऊंचं हे वाक्य नेमकं जिथं लागायचं तिथं लागायचं. ते काकूंना लागायचं नाही. काकूंना भाऊच नव्हता.

हे असंच चाललं असतं. पण एका रविवारी सकाळी मी गच्चीवर कुरडया घालत होते, तर खाली मागच्या मोकळ्या जागेत दोन माणसं फीत धरून उभी. तिसरा चुन्यानं रेघ मारत होता. रेघ बोअरच्या अलीकडून गेली. म्हणजे बोअर पलीकडं. मी तशीच पिठाच्या हातानं खाली गेले. भाऊ तिथं खुर्ची टाकून बसले होते.

"हे काय करायलात, भाऊ?"

"काय न्हाय, ताई. एक मंगल कार्यालय करावं म्हणतोय एक पाव्हणा. जागा मोकळीच पडलीय की."

"आणि आमचं बोअर?"

"बोअर कुठं पळून चाललंय का? हितंच ऱ्हाईल. त्येच्याकडनं पाणी घ्या. वळखीचा हाय."

"ही जागा सोसायटीची आहे, भाऊ. मंजूर नकाशात दाखवलीय."

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. खरोखर कीव आल्यासारखं. "सातबारा काढून बगा, ताई. नाव कुणाचं हाय?"

मी काढून बघितला. त्यावर भाऊंचं नाव होतं. नुसतं भाऊंचं. आमची इमारत, आमची सोसायटी, बोअर, आमच्या गच्चीवरच्या कुरडया यांचा तिथं मागमूस नव्हता. आम्ही जन्मालाच आलो नव्हतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला भाऊंची राखी आठवली आणि लाज वाटली. त्यांची नाही, माझी. माहेरची जमीन मी दिली होती, ती देणं माझ्या हातात होतं. इथली तर मी विकत घेतली होती. नवरा-बायकोचा अर्धा पगार त्या कर्जात चालला होता. यात भाऊबहीण कुठून आले?

संध्याकाळी काकूंच्या घरी सगळे जमले. काकूंनी एक वकीलबाई बोलावल्या होत्या, कळंबच्या, तरुण, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, बिल्डर सही करत नसेल तर कायद्यानं त्याच्या सहीवाचून काम होतं. सोसायटीनं जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करायचा. ते दोन्ही बाजू ऐकतात, कागद तपासतात, आणि हक्क दिसला तर बिल्डरनं जमीन दिली असं मानून आदेश देतात. म्हणून त्याला मानीव अभिहस्तांतरण म्हणायचं.

"म्हणजे त्यानं दिली नाही तरी दिली?" कुणीतरी विचारलं.

"दिली असं धरून चालायचं," वकीलबाई म्हणाल्या.

"आयुष्यभर तेच करतोय," काकू म्हणाल्या. "या वेळी सरकारी शिक्का लावून करू."

आधी भाऊंना नोटीस पाठवायची होती. रजिस्टर टपालानं पाठवली. पोस्टमन परत आला. म्हणाला, त्यांनी मला बसवून चहा दिला, घरच्यांची चौकशी केली, पाकीट हातात घेऊन वजन बघितलं, पण पोचपावतीवर सही करेनात. दुसऱ्यांदा पाठवली. दुसऱ्यांदाही चहा. शेवटी रीतसर दारावर चिकटवावी लागली. भाऊंनी त्या दाराला तोरण बांधून ती झाकली.

उपनिबंधक साहेबांपुढं सुनावणी सुरू झाली. भाऊंनी वकील दिला होता, भारी होता. त्याचं म्हणणं एकच: इमारत अजून पूर्ण झालेलीच नाही, मग हस्तांतरण कसलं? पुरावा म्हणून त्यानं फोटो दाखवला. फोटोत आमच्या आवाराची कमान होती आणि तिला गेट नव्हतं. गेट खरंच नव्हतं. इतकी वर्षं आम्ही समजत होतो भाऊ विसरले. विसरले नव्हते. गेट येरमाळ्याला त्यांच्या गोठ्यात उभं करून ठेवलं होतं. मागं एक इमारत अजून उठायची आहे, तोवर हा प्रकल्प चालूच आहे, असं वकील घोळून घोळून सांगत होता, आणि भाऊ शेजारी मान खाली घालून बसले होते, दुसऱ्याच कुणाच्या मयताला आल्यासारखे. तारीख पडली.

पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी काकूंनी सगळ्या बायकांना निरोप धाडला: उद्या पोपटी साडी.

वकीलबाई आम्हाला कचेरीच्या आवारात बघून दचकल्या. "काकू, याचा पुरावा म्हणून काही उपयोग नाही."

"पुरावा कशाला? गणवेश आहे."

आम्ही रांगेनं आत शिरलो. साहेबांनी चष्मा वर केला, डोळे मिचकावले आणि शिपायाला म्हणाले, "अरे, बचत गटाची बैठक पलीकडच्या हॉलमध्ये आहे ना?"

भाऊ ताडकन उठले. चेहरा एकदम उजळला होता. "बचत गट न्हाय साहेब, माझ्या बहिणी हायत! साड्या म्याच घेतल्यात. कापड बगा, अजून रंग गेला न्हाय."

त्यांच्या वकिलानं त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि पुन्हा सुरुवात केली. काम अपूर्ण, गेट नाही, प्रकल्प अर्धवट. साहेबांनी आमच्याकडं बघितलं. वकीलबाई उठणार एवढ्यात काकूंनी हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा.

"साहेब, मी अध्यक्ष. भाऊंचे वकील म्हणतात ते बरोबर आहे."

आमच्या वकीलबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"इमारत अर्धवटच आहे," काकू सावकाश म्हणाल्या. "नुसतं गेट नाही, सगळंच कच्चं आहे. खांबसुद्धा हलतात. जिन्याजवळचा तर हात लावला की हलतो. कसंबसं उभं केलंय झालं."

भाऊंच्या मानेची शीर फुगलेली मला एवढ्या लांबून दिसली. वकिलानं त्यांचा शर्ट धरला होता. शर्ट बाहेर आला, पण भाऊ उठलेच.

"कोण म्हणतं हालतोय? आक्का, खरं बोला! येडाईची आण हाय तुमाला! साहेब, ह्या तुमच्या हापिसात वरनं ओल आलीय, त्यो कोपरा बगा. माझ्या इमारतीला एक चीर दावा, मिशी काढून देतो. अर्धवट? पुरी हाय! लोक नांदायलेत तिथं, पोरं जन्मलीत. खणखणीत पुरी हाय!"

भाऊंचा वकील हातानं कपाळ चोळत बसला. साहेबांनी कारकुनाला म्हटलं, "लिहून घ्या."

आदेश त्या वाक्यावर झाला नाही, तो कागदपत्रांवर झाला, असं वकीलबाई आजही ठासून सांगतात. सोसायटीची नोंदणी, मंजूर नकाशा, आमचे दस्त, सगळं जागच्या जागी होतं. असेलही. पण बाहेर आल्यावर भाऊ व्हरांड्यातल्या बाकावर एकटेच बसले होते, आणि काकू त्यांच्याजवळ गेल्या.

"खांब हलत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "मला माहितीय."

"मग आसं का म्हणलाव, आक्का?" लहान मुलासारखं विचारलं त्यांनी. जमीन जाणार याचं त्यांना त्या क्षणी काही वाटत नव्हतं, ही माझी खात्री आहे.

आदेश आला. मुद्रांकाचं काम झालं आणि दस्त नोंदवायचा दिवस ठरला. त्या दस्तावर बिल्डरच्या जागी, त्याच्या वतीनं, सरकारनं नेमलेला अधिकारी सही करतो. भाऊंना यायची काही गरज नव्हती. ते आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, भांग नीट पाडलेला. आमच्या मागं भिंतीला टेकून उभे राहिले. अधिकाऱ्यानं सही केली, शिक्का पडला. भाऊ पुढं झाले.

"माजी सही कुठं केली? दावा की जरा."

कारकुनानं बोट ठेवून दाखवलं. भाऊ कंबरेत वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"ही माजी?"

"तुमच्या वतीनं."

"मला वाटलं माझ्यासारखी काढतेत." त्यांनी मान हलवली. "लई बेकार सही हाय, ताई. एवढ्या मोठ्या इमारतीला ही सही?" मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "मागितली असती तर दिली असती की मी."

हसावं की ओरडावं हे ठरेपर्यंत ते जिना उतरून गेले होते.

मंगल कार्यालयाचा पाहुणा पुन्हा दिसला नाही. चुन्याची रेघ पहिल्या पावसाच्या आधीच पोरांच्या पायांनी पुसली गेली. आम्ही नवं गेट बसवलं. सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव लागलं त्या दिवशी काकूंनी इमारतीत जिलेबी वाटली, आणि भाऊंच्या घरीही पाठवली. ती परत आली नाही, पण निरोपही आला नाही.

त्या वर्षी राखीला आम्ही सगळ्या सकाळपासून तयार होतो. कुणी तसं बोललं नाही. पाट मांडले होते, ताटं झाकून ठेवली होती. दुपार झाली. काकूंनी फोन लावला. "भाऊ, येताय ना?" पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. काकूंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "गुडघे दुखतात म्हणे." मग उगीचच माझ्यावर खेकसल्या, "ते ताट उचल, माश्या बसतायत."

भाऊंनी शहरातलं घर मुलाकडं सोडलं आणि ते गावी राहायला गेले, असं पुढं कळलं.

मला ते शेवटचे दिसले येरमाळ्याला, चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत. तिथं येडाईदेवीसाठी चुन्याचे खडे वेचायची रीत आहे. पालखी येते, आणि माणसांचा समुद्र रानात उतरतो. प्रत्येकानं पाच खडे वेचायचे आणि ढिगावर नेऊन टाकायचे. मी पोचेपर्यंत रान झाडून नेल्यासारखं झालं होतं. ऊन तापलेलं, रेटारेटी, मला एकही खडा सापडेना. मी ओणवी होऊन माती चाचपत होते, तर समोर दोन पाय येऊन थांबले. धोतर, काठी, धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा.

"ताई, मोकळ्या हातानं चाललाव व्हय?"

भाऊ खूप वाळले होते. मिशी तेवढी जागेवर होती. त्यांनी धोतराचा ओचा धरला होता आणि तो खड्यांनी भरला होता. काठी काखेत मारून ते माझ्या ओंजळीत एकेक खडा टाकायला लागले. प्रत्येक खडा आधी बोटांनी दाबून बघायचे. एक त्यांनी फेकून दिला. "ह्यो नगं, भुगा व्हईल." पाच झाले तरी थांबेनात. आजूबाजूला बायका उभ्या राहिल्या, त्यांनीही हात पुढं केले.

मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "भाऊ, हे रान कुणाचं आहे हो?"

"कुणाचं का आसंना," भाऊ म्हणाले. "घ्या तुमी." आणि ते पुढच्या बाईच्या ओंजळीकडं वळले. "घ्या आक्का, लाजू नगा. लागंल तेवढं घ्या."